तीन लाल तारांचा खुलासा

"बाबा, पार्सल येईल ते घ्यायचं, खोका कोपऱ्यात ठेवायचा आणि उघडायचा नाही," मुलगी फोनवर म्हणाली.

अडतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या अडतीस वर्षं माझ्या खिशात खुळखुळल्या. "हात लावू नका, उघडू नका, आधी विचारा" ही वाक्यं मी हजारो मुलांना ऐकवली. तीच वाक्यं मला कुणी ऐकवावीत, आणि तेही जिला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं तिने!

"मी कशाला उघडू?" मी म्हणालो.

"तुम्ही उघडता म्हणून सांगतेय."

यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण फोन तोवर हिच्याकडे गेला होता. माझी उत्तरं तयार होईपर्यंत फोन नेहमी हिच्याकडे जातो.

खोक्यात हार्प येणार होता. आमची नात दहा वर्षांची आहे. दिवसभर प्रश्न विचारते म्हणून घरात तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणतात. ती संगीतशाळेत हार्प शिकते. तिथला हार्प तिच्याहून उंच आहे आणि तो जागचा हलत नाही. सुट्टीचे सहा आठवडे ती आमच्याकडे राहणार आणि सुट्टी संपताच तिची परीक्षा होणार होती. तिथल्या बाई दरवर्षी काही मुलांना घेऊन गावोगाव वाजवायला जातात. त्या चमूत एकच जागा उरली होती आणि उमेदवार होते पाच. सहा आठवडे बोटं तारांना लागली नाहीत तर ती जागा गेलीच म्हणून समजायची. म्हणून मुलीने छोटा हार्प मागवला होता. मांडीवर बसणारा, खांद्याला अडकवून नेता येणारा, तसाही वाजणारा आणि हवा तर स्पीकरला जोडता येणारा. ती आमच्याकडे आली की तिला तो थेट मिळावा, म्हणून पत्ता आमचा.

"ती जागा मिळाली नाही तर मी कुणाशीच बोलणार नाही," असं प्रश्नपत्रिकेने जाहीर केलं होतं. ती बोलली नाही तर आमच्या घरात ऐकण्यासारखं काय उरतं, हा विचार करूनच मी पार्सल आल्याची चिठ्ठी घेऊन पार्सलघराकडे निघालो.

पार्सलघरात खिडकीपलीकडे एक तिशीतला माणूस होता. माझा एक नियम आहे. खिडकीपलीकडचा माणूस पन्नाशीच्या आतला असेल तर तो आपला विद्यार्थी असू शकतो असं धरून चालायचं आणि चेहरा थोडा ओळखीचा करून उभं राहायचं.

"सर, तुम्ही शाळेत होता ना?" तो म्हणाला.

"तुझी तुकडी कोणती?" मी खुलून विचारलं.

"मी दुसऱ्या शाळेत होतो. पण तुमच्याबद्दल ऐकलंय." काय ऐकलंय ते त्याने सांगितलं नाही. "आत काय आहे?"

"हार्प."

"म्हणजे?"

मी पावतीच्या मागे चित्र काढून दाखवलं. त्याला ते मोडक्या खुर्चीसारखं वाटलं. "वाद्य आहे," मी म्हणालो. "बोटांनी वाजतं. वायर जोडली की आवाज मोठा होतो. आत बॅटरी असते."

"बॅटरी असेल तर विद्युत उपकरण. खिडकी तीन."

खिडकी तीनमधल्या बाईंनी विचारलं, "तारा आहेत?"

"सव्वीस."

"मग वाद्य. खिडकी एक."

चार फेऱ्यांनंतर दोन्ही खिडक्यांचे साहेब बाहेर आले. "हे नक्की कशावर चालतं? विजेवर की बोटांवर?"

"बोटांवर चालतं, विजेने मोठं होतं."

"माणसासारखं सांगा."

"माणसासारखंच आहे. आवाज स्वतःचा असतो, माइक मिळाला की वाढतो."

साहेबांनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि खिडकी एकवाल्याला म्हणाले, "उघडून बघ आणि 'इतर'मध्ये टाक."

अशा रीतीने खोक्याची चिकटपट्टी अधिकृत आदेशाने कापली गेली. त्याने झाकण बोटभर उचललं, आत लाकूड दिसलं, झाकण मिटलं आणि वहीत 'इतर' लिहिलं. त्यापुढे काही झालं नाही. पण मी विज्ञानाचा माणूस आहे. एकदा उघडलेला खोका पुन्हा न उघडलेला होत नाही, हे दूध नासण्याइतकं पक्कं आहे. घरी आल्यावर मी फक्त उरलेली प्रक्रिया पूर्ण केली.

"अहो, ती नको म्हणाली होती ना?" ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"कार्यालयाने उघडलाय. मी फक्त आत सगळं आहे का बघतोय."

"बघा. आणि बघून झालं की उगाच त्याचं काही करू नका."

आमच्या घरात या वाक्याला इतिहास आहे. मुलगी सातवीत असताना मी शाळेसाठी नवा स्क्रूगेज घरी आणला होता. तारेची जाडी केसाएवढ्या फरकापर्यंत मोजणारं ते साधन मखमलीच्या डबीत बंद होतं. मुलीने डबी उघडली. स्क्रूगेज जमिनीवर पडला आणि कायमचा दोन शतांश मिलिमीटर जास्त दाखवू लागला. मी तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. तिने लिहिलं, 'डबी फक्त बघण्यासाठी उघडली. त्यानंतर जे झालं ते आपोआप झालं.' मी त्याखाली लाल शाईने 'खुलासा असमाधानकारक' असा शेरा मारला. स्क्रूगेज शाळेने घेतला नाही. तो अजून माझ्याकडे आहे. मी दरवेळी दोन शतांश वजा करतो.

असो. हार्प देखणा होता. शिडाच्या होडीसारखा आकार, खाली पोकळ पोट, वर बाकदार मान आणि दोन्हींच्या मध्ये सव्वीस तारा. बहुतेक पांढऱ्या, मधूनच एखादी लाल, एखादी निळी. प्रवासासाठी सगळ्या सैल सोडलेल्या होत्या. सोबत खुंट्या पिळायची एक किल्ली आणि बारा भाषांतली माहितीपुस्तिका. त्या बारांमध्ये आपली नव्हती.

मी आधी हजेरी घेतली. सव्वीस तारा म्हणजे सव्वीस मुलांची तुकडी. जाड्या तारा मागच्या बाकावरच्या, आवाज घोगरा. बारीक तारा पुढच्या बाकावरच्या, जरा स्पर्श झाला की किंचाळणाऱ्या. मोजत गेलो तसं लक्षात आलं की लाल तार धरून मोजलं की आठवी पुन्हा लाल येते. लाल धरून चौथी निळी. मी मांडीवर थाप मारली. लाल म्हणजे सा! सा, रे, ग आणि चौथी निळी तार म्हणजे म! पुस्तिकेचं एक अक्षर न वाचता मी रंगांचं कोडं सोडवलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, अडुसष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट स्वतःहून कळण्यात जी मजा आहे, ती दहाव्या वर्षीही नसते. दहाव्या वर्षी ती रोजच होते.

आता मनात आलं, रविवारी पोरगी येईल, खोका उघडेल, तर हार्प सुरात तयार! मुलीलाही कळेल की बाबांच्या हातून काही गोष्टी नीटही होतात. प्रश्न एकच होता. लाल तार म्हणजे सा हे ठरलं, पण सा कुठे धरायचा?

हा प्रश्न मी जिन्यात भेटलेल्या गाणाऱ्या काकूंना विचारला. काकू वरच्या मजल्यावर राहतात आणि पहाटेपासून गातात. इमारतीत कुणालाच गजराचं घड्याळ लागत नाही.

"सा ज्याचा त्याचा असतो, भाऊजी," काकू म्हणाल्या. "गळ्याला मानवेल तिथे धरायचा. वाजवणार कोण? मुलगी ना? मग माझाच सा धरा. बाईमाणसाला तोच बरा."

मला हे पटलं. याहून वाईट म्हणजे मला हे शास्त्रीय वाटलं.

शुक्रवारी सकाळी काकू आमच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सा लावला. मी मधली लाल तार पिळू लागलो. अडचण अशी की काकूंचा सा लागला की दुसरं काही ऐकू येत नाही. तार छेडतोय हे मला बोटाला कळत होतं, कानाला नाही.

"काकू, जरा हळू."

"हळू केला तर तो सा राहत नाही."

तेवढ्यात सेक्रेटरी आले. हे इमारतीचे सेक्रेटरी, वीज कंपनीतून निवृत्त झालेले. वायर दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. हार्पच्या पोटाला वायर लावायचं भोक बघून त्यांनी चष्मा बदलला. "याला स्पीकर लागतो. आणि अर्थिंग बघायला हवं. विजेशी खेळ नको, सर." असं म्हणून ते स्वतःच खाली गेले आणि सभेचा मोठा स्पीकर घेऊन आले. ज्या स्पीकरवरून 'जिन्यात सायकली ठेवू नयेत' ही सूचना शेवटच्या इमारतीपर्यंत पोचते, तोच तो.

वायर जोडली. मी तार छेडली. बैठकीत एक गोल, गंभीर आवाज उमटला आणि खिडकीची काच हळूच थरथरली. लाकडाच्या पोटात इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. मी हार्पला नख लावलं तरी स्पीकरमधून दार वाजल्यासारखं ऐकू येत होतं.

"आता सा द्या," मी म्हणालो.

काकूंनी दिला. मी पिळलं. तार चढली. "अजून वर," काकूंनी हाताने खूण केली. मी पिळलं. "अजून थोडं." मी पिळलं.

जे झालं त्याचं वर्णन नंतर इमारतीतल्या लोकांनी वेगवेगळं केलं. तळमजल्यावरच्यांना गॅस सिलिंडर वाटला. समोरच्यांना ट्रकचं टायर वाटलं. प्रत्यक्षात मधली लाल तार तुटली होती आणि स्पीकरने ती बातमी सगळीकडे पोचवली होती.

"तारच खराब असेल," काकू म्हणाल्या.

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही," मी म्हणालो. शाळेत मी हेच शिकवलं. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर शंका, तीनदा झालं तर नियम. दुसरी लाल तार तुटली तेव्हा शंका आली. तिसरी तुटली तेव्हा नियम सिद्ध झाला. चौथी लाल तार वाचली ती केवळ विज्ञानाच्या शिस्तीमुळे.

लोक जिन्यात जमले होते. सेक्रेटरींनी वायर काढली, स्पीकर उचलला आणि तासाभराने दारावर येऊन मला एक कागद दिला. इमारतीत स्फोटसदृश आवाज केल्याबद्दल चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.

"अहो, स्पीकर तुम्हीच आणलात! तुम्ही इथेच होतात!"

"शेजारी म्हणून होतो, सर. सेक्रेटरी म्हणून नव्हतो," ते अत्यंत आदराने म्हणाले.

जन्मभर दुसऱ्यांकडून खुलासे मागणाऱ्या माणसाने सेक्रेटरीला खुलासा द्यायचा! तो मी दिला. शेरा काय पडला ते विचारू नका.

शनिवार उजाडला. पोरगी दुसऱ्या दिवशी येणार. ज्या हार्पवर तिची सहा आठवड्यांची मदार, त्याचे सव्वीसपैकी तीन विद्यार्थी माझ्या हातून गेलेले. रात्रभर मला तिचा न बोलणारा चेहरा दिसत होता. सकाळी स्क्रूगेज काढला आणि तुटलेल्या तारांची जाडी मोजली. दोन शतांश वजा करून एक पूर्णांक शून्य दोन, शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी आणि शून्य पूर्णांक चौसष्ट. तारा नायलॉनच्या होत्या. वाद्यांच्या दुकानदाराने हार्प हा शब्द ऐकून मला गिटार दाखवली, मग बासरी दाखवली, मग बसायला खुर्ची दिली. त्याच्या दुकानाशेजारी मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. तिथे भिंतीवर गळाच्या नायलॉन दोऱ्याची, म्हणजे तंगुशीची, रिळं टांगलेली होती, प्रत्येकावर जाडी लिहिलेली. माझी पावलं आपोआप वळली.

"कोणता मासा धरायचाय, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"मासा नाही. सा धरायचाय."

त्याने थोडा विचार केला. "किती किलोचा असतो?"

मी तिन्ही तुकडे आणि स्क्रूगेज काउंटरवर ठेवला. तो माणूस जाणता निघाला. रिळांमधून एकेक तंगूस ओढून त्याने मला मोजू दिली, आणि जाडीबरोबर ताण किती सोसते तेही सांगितलं. "ही एक्क्याऐंशीवाली बघा. बारा किलोचा मासा ओढला तरी हूं की चूं करणार नाही. पण झटका नाही द्यायचा. हळूहळू खेळवत आणायचा. घाई केली की तंगूस तुटते, मग मासा कितीही छोटा असो."

शुक्रवारी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिन्ही जाड्यांची तंगूस घेऊन मी घरी आलो, तुटलेल्या तारांच्या जागी बांधली आणि खोका पुन्हा बंद केला.

रविवारी प्रश्नपत्रिका आली. बूट काढायच्या आधी कोपऱ्यात गेली, खोक्यावर माझी नवी चिकटपट्टी बघितली आणि माझ्याकडे वळली.

"आजोबा, उघडलात ना?"

"कार्यालयाने..."

"आजोबा."

मी सगळं सांगितलं. सा, काकू, योगायोग, शंका, नियम. ती आधी हसली, मग तीन बिनरंगी तारांकडे बघून एकदम गप्प झाली. मला तीच भीती होती.

"लाल तारा नसतील तर मला कळणार कसं की मी कुठे आहे?" ती म्हणाली. "हे रस्त्यावरचे दिवे गेल्यासारखं आहे."

"आणि काकूंचा सा?"

"आजोबा, हार्पचा सा ज्याचा त्याचा नसतो. बाई म्हणतात, तो सगळ्यांचा एकच असतो. नाहीतर दहा जणांनी एकत्र वाजवायचं कसं?"

मी खाली बसलो. दोन माणसं, दोन सा. एकटीने गायचं तर गळ्याला मानवेल तो, चौघांत वाजवायचं तर ठरलेला. काकू चुकल्या नव्हत्या आणि बाईही चुकल्या नव्हत्या. चुकला होता तो मधला माणूस, ज्याने दोघींपैकी एकीलाच विचारलं.

तिने मोबाइलवर सुराचा काटा लावला, सूर जुळला की मध्यावर येणारा, आणि अर्ध्या तासात सव्वीस तारा सुरात लावल्या. खेळवत, झटका न देता. माझ्या तीन तारा सारख्या ढिल्या पडत. नवीन नायलॉन काही दिवस ताणत राहतं, हे आम्ही दोघांनी वहीत रोज नोंद ठेवून शोधून काढलं. तारेच्या टोकाला मागून छोटी काडी अडकवून गाठ कशी मारायची, खुंटीवर किती वेढे घ्यायचे, सगळं आम्ही सोडून बांधून पाहिलं. लाल शाईने तारा रंगवल्या, तर दोन ओळी वाजवताच तिची बोटं लाल आणि तारा पांढऱ्या. शेवटी हिने कपाटातून लाल नेलपेंटची बाटली आणून समोर ठेवली.

"तुझ्याकडे हे होतं?" मी विचारलं.

"तीस वर्षं आहे, संपली की नवी घेते," ही म्हणाली. "तुमचं लक्ष तारांवर असतं."

नेलपेंट टिकलं. दिवे लागले.

आईला सांगायचं नाही, असं प्रश्नपत्रिकेने मला वचन दिलं. अट एकच होती. मी तिच्याकडून एक धून शिकायची. सहा आठवडे रोज संध्याकाळी मी विद्यार्थी झालो. "आजोबा, बोट वाकवा. आजोबा, खांदे खाली. आजोबा, तार ओरबाडू नका, ती काय उत्तरपत्रिका आहे?" असं ऐकलं. कधी ती हार्पच्या पोटाला कान लावून म्हणायची, "आता तुम्ही वाजवा, मी आतून ऐकते." मग मीही कान लावून पाहिलं. आतून ऐकलं की चुकीचा सूरसुद्धा बराच चांगला वाटतो. माझी धून शेवटपर्यंत तिसऱ्या ओळीत अडकायची.

सुट्टी संपली, ती हार्प पाठीला अडकवून गेली. परीक्षेच्या दिवशी मी फोनशेजारी बसून होतो. दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, निवड झाली तिची."

ही फोन घ्यायला आली, पण या वेळी मी दिला नाही.

"वाजवताना दोन ठिकाणी अडखळली," मुलगी म्हणाली. "इतर मुलंही छान वाजवत होती. पण चौथ्या मुलाची पाळी असताना बाईंच्या प्रवासातल्या हार्पची तार तुटली, आणि नेमकी त्या जाडीची तार त्यांच्या पेटीत नव्हती. सगळी मुलं मागे सरकली. आपली प्रश्नपत्रिका पुढे झाली. दप्तरातून मासे पकडायचा दोरा काढला, गाठ मारली, खुंटी पिळली, सुरात लावली. मग खिशातून बाटली काढून तार लाल रंगवली. बाई म्हणाल्या, गावोगाव हिंडायचं तर मला अशीच मुलगी हवी."

"वा!" मी म्हणालो.

"बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, सांगता येणार नाही, वचन दिलंय."

"गुणी आहे पोरगी."

"बाबा."

"हं."

"घरी येऊन मी तिचा हार्प बघितला. तीन लाल तारा वेगळ्या आहेत. आणि आईच्या नेलपेंटचा रंग मी दहा फुटांवरून ओळखते."

मी हिच्याकडे फोन पुढे केला. हिने घेतला नाही.

"लेखी खुलासा हवाय," मुलगी म्हणाली. "कारणासह. उद्यापर्यंत."

मी कागद घेऊन बसलो. पार्सलघर, काकू, सेक्रेटरी, स्पीकर, सगळ्यांना दोन पानांत ओळीने उभं केलं आणि मग एकेक खोडत गेलो, कारण खोक्याला हात माझाच लागला होता. शेवटी दोनच वाक्यं उरली. 'खोका फक्त बघण्यासाठी उघडला. त्यानंतर जे झालं ते आपोआप झालं.' वाक्यं ओळखीची वाटली, पण तीच खरी होती. कागदाचा फोटो काढून पाठवला.

संध्याकाळी मुलीने छापून घेतलेल्या त्याच कागदाचा फोटो परत आला. खाली लाल शाईत मुलीच्या अक्षरात 'खुलासा असमाधानकारक', आणि त्याखाली गोल, मोठ्या अक्षरात दुसरा शेरा होता: 'तारा बसवणे उत्तम. तिसरी ओळ कच्ची. सराव वाढवावा.'

सराव वाढवतो आहे. एका फळीवर खिळे ठोकून उरलेली तंगूस ताणली आहे. आता फक्त सा हवाय. मोबाइलमधला सुराचा काटा मला लावता येत नाही, आणि वरच्या मजल्यावर जाऊन काकूंना विचारावं तर सेक्रेटरी जिन्यातच उभे असतात.